घाट उतरून ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा लोट – इंजिन खरंच उतरवायला लागेल का?

घाटवळण
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, बीएस-४, एमएच-०९ पासिंग. मी सेकंड ओनर. रनिंग सव्वा लाखाच्या पुढे.

धूर दोनच वेळेला दिसतो. एक म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला. पार्किंगची मागची भिंत क्षणभर दिसेनाशी होते, मग सगळं साफ. दुसरा करूळ घाटात. सासरवाडी वैभववाडीच्या पुढे, त्यामुळे गगनबावड्यावरून जाणं-येणं असतंच. उतरताना गाडी गिअरवर सोडलेली असते, खाली सपाटी लागली की ॲक्सिलरेटर देतो आणि आरशात निळसर ढग. मागचा गाडीवाला हेडलाइट मारून सांगतो, म्हणजे माझा भास नाही. हायवेला कागल-निपाणी केली तर काही नाही.

ऑइल हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर कमी होतं. कूलंट जागच्या जागी. खाली गळती नाही. पिकअप चांगला.

गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंग गेल्या, इंजिन उतरवून हाफ इंजिन (म्हणजे इंजिनची अर्धी दुरुस्ती) करायचं, पन्नास-पंचावन्न हजार धरून चाला. गाडीची किंमत दोन लाखांच्या आसपास, त्यात एवढा खर्च. वर गंमत अशी की मागच्याच महिन्यात पीयूसी आरामात पास झाली.

इंजिन न खोलता आधी काय काय बघून घ्यावं? गॅरेजचं नाव धाग्यावर नको, कुणी चांगलं सुचवणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पांढरा_रस्सा
कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा मिळतो हे ठाऊक होतं. निळा कुठल्या खानावळीत?
(जाणकार येईपर्यंत जागा धरून बसलोय.)

डिझेलभक्त
ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) काढून साफ करून घ्या. डिझेल फवारणारे नोझल टेस्टिंगला द्या. टर्बोचा (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) पाइप बघा. ९० टक्के तिथंच असतंय.

अनघा_शाहूपुरी
@डिझेलभक्त दादा, त्यांनी दुसऱ्याच वाक्यात पेट्रोल लिहिलंय. नोझल कुठून आणायचे त्यांनी?

डिझेलभक्त
व्हय की. वाचायचं राहिलं.
पण आता आलोच आहे तर आमचं सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. माझी डिझेल सेडान. गगनबावड्याला चढताना काळा धूर, आणि गाडीला ओढच नाही. तिसऱ्यात टाकली तरी मागं म्हशीचा कळप लागल्यागत. एका ठिकाणी सांगितलं टर्बो गेला, चाळीस हजार. दुसऱ्या मेस्त्रीनं काच खाली करायला लावली, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, चढाला दाबा. दाबली तर बॉनेटमधनं 'शूंऽऽ' असा आवाज. इंटरकूलरच्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या अगदी खाली चीर होती. वरनं बघितलं तर दिसायची नाही, हात फिरवला तेव्हा बोटं तेलकट झाली आणि चीर सापडली. सेन्सर हवा मोजतो टर्बोच्या आधी, तेवढ्या हवेच्या हिशेबानं डिझेल सोडलं जातंय, आणि पुढं हवा चिरेतनं बाहेर. मग डिझेल अर्धवट जळून काळा धूर. पाइप बदलला, विषय संपला. टर्बोला हात लावला नाही.

चौथा_गिअर
माझं मत विचाराल तर विकून टाका. दोन लाखांच्या गाडीला पंचावन्न हजार म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. थोडं जाड ऑइल भरा, धूर आठवडाभर दिसणार नाही, गिऱ्हाईक बघा, मोकळे व्हा.

अनघा_शाहूपुरी
आणि घेणाऱ्यानं पुढच्या महिन्यात इथेच धागा काढायचा, 'नवीन घेतलेली जुनी गाडी निळा धूर सोडते'?

चौथा_गिअर
ताई, बाजारात सगळे हेच करतात. मी फक्त बोलून दाखवलं.

उद्यमनगरी
घाटवळण, थांबा जरा. आमचं उद्यमनगरात हेड फेसिंग आणि बोअरिंगचं (इंजिनचा वरचा भाग आणि सिलिंडर घासून सरळ करायचं) काम आहे. तुमचं इंजिन उतरलं तर फिरून आमच्यासारख्याकडंच येतंय, तरी सांगतो की अजून उतरवू नका.

धुराचा रंग सगळेच विचारतात. काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि रेंगाळणारा म्हणजे कूलंट आत जातंय, डिझेलला पांढरा म्हणजे कच्चं डिझेलही असतंय. एवढं आता शाळेतलं पोरगंही सांगतंय. मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, धूर *कधी* येतो. तुम्ही ते न विचारता लिहिलंय, त्यामुळं काम निम्मं झालं.

रिंग-पिस्टन गेलेली गाडी लोडवर धूर सोडते. चढाला, ओव्हरटेकला, सगळीकडं. पिकअप पडतो. ऑइल टाकायचं झाकण चालू इंजिनवर काढलं तर तिथनं भकाभका हवा येते. तुमचं तसं काही नाही. तुमचा धूर रात्रभर गाडी उभी राहिल्यावर येतोय आणि उतार संपल्यावर येतोय. रात्री हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरनं थेंबथेंब खाली उतरतंय, सकाळी पहिल्या धडाक्यात जळतंय. घाटात पाय काढला की थ्रॉटल बंद, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतंय. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम जोरात तयार होतो आणि तो व्हॉल्व्ह गाइडमधनं (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) ऑइल ओढून घेतो. खाली येऊन तुम्ही ॲक्सिलरेटर दिला की साठलेलं सगळं एकदम जळतंय. माझा संशय व्हॉल्व्ह सीलवर. रबराची टोपी असते, उष्णतेनं कडक होते आणि दांड्याला धरत नाही. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन असेल तर सोळा सील. सील स्वस्त, मजुरीच जास्त.

पण सीललाही लगेच हात लावू नका. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. इंजिनच्या पोटातला वाफारा परत इनटेकला नेणारी ती छोटी वस्तू, काहीशे रुपयांची. ती उघडी अडकली तर ऑइलचा तुषार सरळ इनटेकमध्ये जातो. बंद अडकली तर पोटात प्रेशर धरतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतनं बाहेर पडतं. काढून हलवा, आत खुळखुळ वाजलं पाहिजे. एका बाजूनं फुंकर जाते, दुसऱ्या बाजूनं जात नाही, असं पाहिजे. चिकट होऊन मुकी झाली असेल तर बदलून टाका.

मग चारी प्लग काढून ओळीनं मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते विसरू नका. टोकाला काळं तेलकट कुठल्या प्लगला आहे बघा. एक सांगतो, प्लगच्या विहिरीत वरच ऑइल साठलेलं दिसलं तर घाबरू नका. ते टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) पॅकिंगचं असतंय, त्याचा ह्या धुराशी संबंध नाही. कितीतरी जणांचं इंजिन त्या विहिरीतल्या ऑइलपायी उघडलेलं बघितलंय.

प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेज लावून मारून घ्या. इंजिन गरम, पेट्रोल बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. आकडा किती यावा ते मॅन्युअलमध्ये असतंय, मी चारांतला फरक आधी बघतो. एखाद्याचा कमी आला तर त्या भोकातनं चमचाभर ऑइल टाकून परत मारा. वाढला तर रिंग, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट.

एवढं करायला अर्धा दिवस पुरतो. एवढं न करता जो इंजिन उतरवा म्हणतो, त्याला विचारा, कशावरनं?

घाटवळण
@उद्यमनगरी मनापासून धन्यवाद. गॅरेजमध्ये यातलं काहीच केलेलं नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला, काळा-तेलकट झाला, आणि म्हणाले रिंग.

पांढरा_रस्सा
रुमाल पाहून रोगनिदान! पूर्वीचे वैद्य नाडी तरी बघायचे.

साखरपट्टा
धूर काळा-निळा विषय निघालाच आहे तर सीझनमध्ये ऊस भरून जाणारे ट्रॅक्टर कुणी बघितलेत का? दोन ट्रॉल्या मागं, वर टेपला गाणी, आणि चढाला जो काळा लोट सोडतात त्यात मोटरसायकलवाला गायब. परत दिसतो तेव्हा दातच पांढरे. त्यांचं पीयूसी कोण करतंय?

पंचगंगाकाठ
त्यांना हात दाखवायला कोण जाणार, मागची ट्रॉली थांबायला अर्धा किलोमीटर लागतोय.

साधा_प्रश्न
मला मुळात कळलं नाही, निळा ढग सोडणारी गाडी पीयूसी पास कशी होते? मशीन खोटं की माणूस?

वर्कशॉप_मास्तर
साधा_प्रश्न, दोन्ही खरे असू शकतात. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धूर मोजतच नाहीत. नळी सायलेन्सरमध्ये घालून गॅस मोजतात. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. शिवाय साधारण २५०० आरपीएमवर एक चाचणी असते, तिथे मोनॉक्साइड ०.२ टक्क्याच्या आत लागतो. आता घाटवळण यांची गाडी केंद्रावर पोहोचेपर्यंत गरम झालेली, सकाळचा धूर कधीच निघून गेलेला, आणि केंद्रावर घाट नाही. उरलंसुरलं कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरची वायू साफ करणारी जाळी) सांभाळून घेतो. पास होणारच.

धूर मोजतात तो डिझेलचा. गाडी उभी करून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबायचा आणि धुरातून उजेड किती अडतो ते बघायचं. बीएस-४च्या आधीच्या डिझेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक), बीएस-४ला ५०.

म्हणून पेट्रोल गाडीचा मालक 'पीयूसी आहे ना' म्हणून निर्धास्त राहिला तर ऑइल जळत राहतं आणि त्याचा पत्ता लागत नाही.

आता उद्यमनगरींच्या प्रतिसादाबद्दल. मी शिकवण्यात आयुष्य घालवलं, हातात पाना कमी आणि खडू जास्त, तरी एका ठिकाणी अडवतो. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे रिंग निर्दोष, असं ठरवू नये. पिस्टनवर तीन रिंग असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, खालची ऑइल रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ही खालची रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसते. वरच्या दोन शाबूत, त्यामुळे गेज छान आकडे दाखवतो, आणि खालून ऑइल वर येतच राहतं. तेही घाट उतरताना, त्याच व्हॅक्यूममुळे. म्हणजे लक्षण तेच, रोग वेगळा. पहिल्या मालकाने सर्व्हिसिंग कसं केलं हे घाटवळण यांना माहीत आहे का?

उद्यमनगरी
मास्तर, मुद्दा बरोबर. ऑइल रिंग चिकटल्याच्या गाड्या येतात आमच्याकडं. पण तशी गाडी सकाळीच तेवढा लोट टाकून गप्प बसत नाही, ती दिवसभर थोडंथोडं खात राहते, आणि तिचं खाणं लिटरच्या हिशेबात जातं. अर्धा लिटर मला सीलचंच वाटतंय.

वर्कशॉप_मास्तर
'वाटतंय' वर सोळा सील बदलायचे का? अर्धा लिटर रिंगलाही जाऊ शकतं, सुरुवात असेल तर. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं असं छापलेलं असतं, म्हणजे आकड्यावरून रोग ओळखता येत नाही. आत डोकावून बघा. प्लगच्या भोकातून जाणारा, मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा हल्ली सगळीकडे मिळतो. पिस्टनच्या डोक्यावर सगळीकडे कोरडा काळा थर असेल तर ठीक. पण कडेची गोल पट्टी धुतल्यासारखी चकचकीत आणि मध्ये कार्बन, असं दिसलं तर ऑइल भिंतीकडून येतंय, म्हणजे रिंग. आणि इनटेक मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्हची पाठ बघा. तिथे ओलं चिकट ऑइल आणि कार्बनची गाठ असेल तर उद्यमनगरी जिंकले.

उद्यमनगरी
कॅमेऱ्याचं मान्य. पैज लागली मास्तर, हरणाऱ्यानं मिसळ.

वर्कशॉप_मास्तर
मला कट कमी लागतो, आधीच सांगतो.

पांढरा_रस्सा
कट कमी? मास्तर तुमचं पासिंग एमएच-०९चंच आहे ना?

पुणेकर_मूळचा_कागल
या धाग्यावर कुणी नवीन बीएस-६ डिझेलवाले आहेत का? माझ्या गाडीला डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा सारखा लागतो. धूर अजिबात नाही. आणि ऑइल कमी व्हायच्या ऐवजी पट्टीवर *वाढतंय*. वर सगळे ऑइल कमी होतंय म्हणून रडतायत, मी वाढतंय म्हणून.

वर्कशॉप_मास्तर
ते आनंदाचं वाढणं नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. तुमचा प्रवास छोटा, गाडी मध्येच बंद करता, जाळणं अर्धवट राहतं. त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, पट्टीवर वाढलेलं दिसतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर आधी ऑइल बदला, मग गाडी हायवेला काढून एका वेगाने सलग चालवा. आणि बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधून काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी काढून पोकळ नळी बसवलीय.

उद्यमनगरी
त्यात भर घालतो. टर्बोवाल्या डिझेलला निळा धूर आला आणि पातळीही वर असली तर गाडी चालवूच नका. टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल फार झालं तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून ओढायला लागतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, उलट चढत जातं. असं झालं तर ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. ऑटोमॅटिकला हा उपाय नाही, तिथं लांब पळायचं.

अनघा_शाहूपुरी
पांढऱ्या धुराचं कुणीच लिहिलं नाही, मी लिहिते.

थंडीत पहाटे पन्हाळ्याला जाताना माझ्या गाडीतून पांढरा धूर. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सहज बोलले, तर तिथल्या माणसाने ऑइलचं झाकण काढून दाखवलं. आतून दुधाळ, मळकट साय. "मॅडम, हेड गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये आलंय." सोबत भाऊ नसला की आम्हाला असल्या गोष्टी जास्त गंभीर चेहऱ्याने सांगतात हाही एक अनुभव.

मी म्हटलं, ऑइलची पट्टी काढा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ, मधाच्या रंगाचं. कूलंटची बाटली खुणेवर. मग तो म्हणाला पाणी *सुरुवातीचं* आहे. मी गाडी घेऊन निघून आले. ओळखीच्या मेस्त्रींनी रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी ठेवली, त्यात निळं द्रावण. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं होतं. निळ्याचं निळंच राहिलं. माझं रोजचं जाणं घर ते ऑफिस, दोन-अडीच किलोमीटर. इंजिन नीट तापतच नाही, आतला दमटपणा झाकणाखाली साचतो. पांढरा धूर म्हणजे थंडीतली वाफ, गाडी तापली की जायची. आता रविवारी मुद्दाम लांब चक्कर मारते, साय नाही.

खरा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहतो, त्याला गोडूस वास असतो आणि कूलंट हमखास कमी होतं.

पंचगंगाकाठ
अनघाताई, गंभीर चेहऱ्याचं आम्हालाही तेच होतंय, फक्त 'मॅडम'च्या जागी 'साहेब'.

आमचा अनुभव पुराचा. २०१९ला पाणी एवढ्या वेगानं चढलं की चुलत्यांची गाडी गल्लीतनं काढताच आली नाही. डॅशबोर्डपर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर शेजारच्या पोरानं उत्साहात सेल्फ मारला. एकच 'टक्' आवाज झाला आणि इंजिन अडकलं. मग प्लग काढून पाणी उडवलं, ऑइल बदललं, गाडी चालू झाली, सगळे खूश. पण तेव्हापासून निळा धूर आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. तीन जणांनी तीन रोग सांगितले. शेवटी उघडली तर एक कनेक्टिंग रॉड थोडासा वाकलेला. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. पिस्टन वरपर्यंत जात नव्हता आणि तिरका घासून भिंत खाल्ली होती. तिथं मात्र इंजिन उतरवण्यावाचून इलाज नव्हता.

२०२१ला परत पाणी आलं तेव्हा बॅटरीची वायरच काढून ठेवली, म्हणजे कुणाला उत्साह यायला नको.

तेव्हा घाटवळण, तुमची गाडी सेकंड हँड. पुरातली नाही ना? सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, शेवटच्या वितीवर मातीची रेघ असते. ती धुवायचं सगळे विसरतात.

घाटवळण
सीटबेल्ट आत्ताच ओढून बघितला, स्वच्छ आहे. पहिल्या मालकाचं सर्व्हिस बुक अर्धंच भरलेलं आहे, मास्तरांची शंका त्यामुळे डोक्यात बसली. शनिवारी गाडी उद्यमनगरात नेतोय. कळवतो.

चौथा_गिअर
अजूनही वेळ गेलेली नाही, विका.

पांढरा_रस्सा
तुम्ही चौथ्यातच अडकलाय राव, जरा न्यूट्रल घ्या.

साखरपट्टा
त्या ऑइल रिंग मोकळ्या करायचं लिक्विड मिळतं म्हणे, प्लगच्या भोकातनं ओतून रात्रभर ठेवायचं. खरं असतंय का?

उद्यमनगरी
कधीकधी. रिंग नुसती चिकटली असेल तर सुटते, झिजली असेल तर लिक्विड काय करणार? आणि सकाळी प्लग लावायच्या आधी सेल्फ मारून उरलेलं बाहेर उडवायचं, नाहीतर वर पंचगंगाकाठनं सांगितला तो 'टक्' घरबसल्या ऐकायला मिळतो. लिक्विड खाली ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळं ऑइल-फिल्टरही लगेच बदलायचं. नुसतं ऑइलमध्ये ओतायची ती 'धूर बंद' वाली बाटली असते, ती ऑइल घट्ट करते. विकणाऱ्यांच्या कामाची. चौथा_गिअरना विचारा.

घाटवळण
अपडेट. थोडं सविस्तर लिहितो.

पीसीव्ही चिकटलेली निघाली. हलवली तर आवाजच नाही. ती बदलून काही दिवस गाडी चालवली. ऑइल खाणं किंचित कमी झालं असावं, पण घाटातला ढग तसाच. मग परत नेली.

प्लग काढले. दोन आणि तीन नंबरचे टोकाला काळे-ओले, एक आणि चार कोरडे. कॉम्प्रेशन चारही जवळपास सारखं. कॅमेरा घातला. पिस्टनच्या डोक्यावर कडेपर्यंत कोरडा काळा थर, चकचकीत पट्टी कुठे नाही. मग इनटेक मॅनिफोल्ड काढलं. दोन आणि तीनच्या व्हॉल्व्हच्या पाठीवर ओला चिकट कार्बन, बोट लावलं तर डांबरासारखी तार आली.

सील बदलले, हेड न उतरवता. मी पूर्ण वेळ शेजारी स्टुलावर बसून होतो. चेनला खुणा करून कॅम काढले. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून ठेवली, म्हणजे स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह खाली पडत नाही. ऑइल उतरायच्या भोकांत आधी चिंध्या कोंबल्या, कारण स्प्रिंग धरणारी ती लॉकची अर्धुकी नखाएवढी असतात आणि एक जरी खाली गेलं तरी पोट फाडावं लागतं. जुना सील हातात दिला. नखाने दाबला तर वाकला नाही, सरळ तुकडा पडला. नवा बोटावर घट्ट बसतो. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलवून बघितले, खेळ जवळजवळ नाही, त्यामुळे गाइडला हात लावला नाही.

सगळा खर्च मिळून आधी सांगितलेल्या रकमेच्या पावाच्याही आत. सुरुवातीला सायलेन्सरमधलं जुनं ऑइल जळेपर्यंत धूर आला. आता सकाळची भिंत स्पष्ट दिसते. वैभववाडीला जाऊन आलो, मागून कुणी लाइट मारला नाही.

उद्यमनगरी
मास्तर?

वर्कशॉप_मास्तर
मिसळ कबूल. पण कॅमेरा घातल्यावर सिद्ध झालं, त्याआधी ते 'वाटतंय'च होतं. पावाचे पैसे तुम्ही द्या.

घाटवळण
एक नवीन उपद्व्याप. कालपासून चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर पी०४२० कोड. पहिल्या गॅरेजवाल्याला रस्त्यात भेटल्यावर सांगितलं तर म्हणाला, कन्व्हर्टर गेला, आतली जाळी फोडून देतो, दिवा सॉफ्टवेअरनं बंद करतो, पिकअपही वाढेल. काय करू?

वर्कशॉप_मास्तर
फोडू देऊ नका. त्या कोडचा अर्थ कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय. ऑइल जळून त्यातला फॉस्फरस जाळीवर बसतो, तसं झालेलं असू शकतं. पण त्याआधी सायलेन्सरच्या जोडाला कुठे गळती आहे का आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर नीट आहे का हे बघा. तीच लक्षणं तिथूनही येतात. कोड पुसून गाडी हायवेला चांगली तापवून चालवा. परत आला तर पुढचं बोलू. जाळी फोडलीत तर मात्र पुढच्या पीयूसीला ०.३ टक्के विसरा.

उद्यमनगरी
आणि फोडायला दिलीच तर आतला माल कुठं जातो ते विचारा. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतंय, भंगारात तिला वेगळा भाव आहे. असं काम कुणी फुकट करून देतो म्हणतो ते उगाच नाही. सोमवारी दुपारी गाडी आणा, जोड बघून घेऊ. मास्तर त्या दिवशी मिसळीला येणारच आहेत.